जिताड्याचं डोकं

माझ्या आईने जिताड्याचं डोकं मायेने दोनच माणसांना वाढलं. एक माझा बापूस आणि दुसरी अक्की. आमच्या खाडीकाठच्या गावांत जिताडा हा नुसता मासा नसतो. जावयाला, व्याह्याला, नाहीतर ज्याच्याकडे काम अडलंय त्या साहेबाला तो नेऊन देतात. घरात केलाच तर डोकं घरच्या कर्त्याचं. बापूस गेला तेव्हा मी दहावीत होते. परीक्षा दिली, पास झाले, शाळेतल्या बाई घरी येऊन आईला सांगून गेल्या की पोरीला पुढे शिकवा, आणि दुसऱ्याच आठवड्यात आईने माझ्या डोक्यावर माशाची पाटी ठेवली. तेव्हापासून घर आम्ही दोघींनी ओढलं. बेलापूरच्या नि नेरुळच्या सोसायट्यांतून मी दारोदार ओरडत फिरले, शिकलेल्या बायकांशी पापलेटाच्या जोडीवरून भांडले आणि बहुतेक वेळा जिंकले. पण जिताडा शिजला की आई डोकं पातेल्याच्या तळाशी तसंच ठेवायची. कालवण संपेपर्यंत ते उकळून उकळून विरून जायचं. मला एकदाही वाढलं नाही. मग ती परदेशी पोरगी आली आणि महिन्याभरात डोकं तिच्या ताटात गेलं. आज सीवूड्सला माझी दोन हॉटेलं आहेत. जागेच्या भाड्यावरून मी टाय लावलेल्या माणसांना घाम फोडलेला आहे. तरी ही गोष्ट घशात काट्यासारखी अडकून आहे. आता गुडघे कुरकुरतात, भांडायला पूर्वीसारखा दम उरला नाही. म्हणून लिहून काढते.

अक्कीचं खरं नाव अकिन्यी. ती केनियाची. तिच्या भाषेत त्या नावाचा अर्थ सकाळी जन्मलेली. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या कॉलेजात मुलींना हॉस्टेल नव्हतं. तीन वर्षांत तिने चार खोल्या बदलल्या होत्या. नव्या इमारतींतले मालक फोनवर खोली आहे म्हणायचे आणि तिला दारात पाहिलं की कालच गेली म्हणायचे. आमच्याकडे आली तेव्हा तिला एवढंच हवं होतं की दिवाळीआधीची शेवटची परीक्षा होईपर्यंत एका जागी बसून अभ्यास करता यावा, आणि मध्येच कुणी ऊठ म्हणू नये. नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद आणि परतीचं विमान. हे तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं. मला ते पहिल्यापासून माहीत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

गावची शेती नव्या शहराच्या कामी गेली होती. आमचं घर तेवढं राहिलं होतं आणि त्यावर आईने पत्र्याच्या दोन खोल्या चढवल्या होत्या, भाड्याने द्यायला. घासाघीस माझ्याकडे. अक्की ओट्याशी आली तेव्हा मी दारात उभी राहून अटींची यादी सुरू केली. पाणी सकाळी एकच तास, पाहुणे नाहीत, गच्चीत कपडे नाहीत. ती मान डोलवत होती आणि तिचं लक्ष मात्र माझ्या मागे. ओट्यावर आईने जवळा वाळत घातला होता. ही पोरगी वाकली, चिमूटभर उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाली, "ओमेना!" तिच्या गावाला समुद्र नव्हता, तळं होतं, पण पलीकडचा काठ दिसू नये एवढं मोठं. तिथे असेच बारके मासे वाळवतात आणि त्यांना ओमेना म्हणतात, हे तिने नंतर सांगितलं. आई तेव्हा आतून हसत बाहेर आली. बापूस गेल्यावर मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

"ऱ्हाऊं दे गो तिला," आई म्हणाली.

"आये, माझं बोलणं चाललंय ना?"

"तुजं बोलनं कदी संपलंय? कच्चा जवला खाते ती. घरची हाय."

माझ्या सगळ्या अटी तिथेच वाहून गेल्या. मी हरलेले सौदे मला अजून तोंडपाठ आहेत. हा त्यांतला पहिला.

त्या वर्षी आमच्या गावाभोवती सगळीकडे इमारतींचे पाये ठोकत होते. सकाळी सातला ते यंत्र सुरू व्हायचं. लोखंडाचा मोठा ठोकळा वर जायचा, थांबायचा आणि धाडकन खाली यायचा, की आमच्या मांडणीवरची ताटं वाजायची. अक्की त्याच्या आधी उठलेली असे. वरच्या गच्चीत ती औषधांची नावं मोठ्याने म्हणत येरझाऱ्या घालायची, एक नाव, मग तो धाडकन आवाज, मग पुढचं नाव. खाली आई मासे खवलत बसलेली. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आईचा कोयता वरच्या पावलांच्या तालावर चालतो. आठला अक्की पांढरा कोट हातावर टाकून कॉलेजला जायची, चारला परत. शनिवारी निळं हवाई पत्र घेऊन बसायची आणि चिकटवायच्या कडांवरसुद्धा बारीक अक्षरात लिहायची. रविवारी दुपारी आई तिला ओट्यावर पुढ्यात बसवून डोक्याला खोबरेल चोळायची आणि तिने शिकवल्याप्रमाणे बारीक बारीक वेण्या घालायची. एका डोक्याला तीन तास. पहिल्या रविवारी अर्धी आळी बघायला जमली.

"केस हायत," आई म्हणाली. "यात्रा भरलीय का इकरं? तुमचे घरान कोनाला केस नाय?"

मराठी ती आईकडूनच शिकली. त्यामुळे ती जे बोलायची ते आमच्या गावचं, पुस्तकातलं नव्हे. नेरुळला एका भाजीवाल्याने तिला इंग्रजीत दुप्पट भाव सांगितला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कंला रं दादूस, मना येरी समजतंस?" मला वेडी समजतोस काय, हे गावच्या बोलीत ऐकून तो माणूस दोन पावलं मागे सरला. कॉलेजात पुण्याच्या मुली तिच्या 'हाय' आणि 'नाय'ला हसायच्या. ती घरी येऊन सांगायची आणि आई त्या मुलींना न पाहताच शिव्या द्यायची. जेवायला ती आमच्यातच बसे. एकदा तिने तांदळाचं पीठ पाण्यात घोटून घट्ट गोळा केला, तिच्या घरी मक्याचा करतात तसा. आईने बोटाने चाखून पाहिलं. "ही तं आपली उकर," म्हणाली, "तुमीबी खाताव?" त्यानंतर दर गुरुवारी उकड आणि जवळा. मला उकड आवडत नाही. हे मला कुणी विचारलं नाही.

आणि मग तो जिताडा. आईच्या मावसभावाने कामोठ्याच्या खाडीतून आणलेला, हातभर लांब. आईने कालवण केलं आणि ताटं वाढताना पळी पातेल्याच्या तळाशी नेली. मी पाहत होते. डोकं वर आलं, क्षणभर माझ्या ताटावरून गेलं आणि अक्कीच्या भातावर उतरलं. अक्कीने ते दोन्ही हातांनी धरलं. तिच्याकडे डोकं पाहुण्याला देतात. आधी डोळ्याखालचा गाल तिने अंगठ्याने अलगद सोडवला, मग टाळूची कूर्चा, मग एकेक हाड तोंडात घालून स्वच्छ करून ताटाच्या कडेला ओळीने मांडलं. आई जेवायची थांबून बघत होती. "असाच खायाचा तुजा बापूस," मला म्हणाली. मी म्हटलं, "मी काय खाल्लंय का, मला माहीत असायला?" आईला त्यातलं काही कळलं नाही. किंवा कळलं असेल. मी ताट उचलून मोरीत आपटलं आणि बाहेर गेले.

असं सगळं असून मला अक्कीचा राग धरता येत नव्हता. तेच जास्त दमवणारं होतं. ती माझ्याच वयाची, तीही मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. फरक एवढाच की तिच्या आईने तिला पाटी दिली नव्हती. एके दिवशी मीच तिच्याशी सौदा केला. मी तुला रविवारी सकाळी फिरवीन, तू मला रोज अर्धा तास इंग्रजी शिकव. ती लगेच हो म्हणाली. मला वाईट वाटलं, थोडी तरी ताणायला हवी होती तिने.

तिला चालायचं वेड होतं. आम्ही पारसिकच्या डोंगरावर चढलो आणि वरून तिचं कॉलेज, आमचं गाव आणि मधली ती अर्धी उभी राहिलेली इमारतींची रांग पाहिली. बेलापूरच्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर बसून शेंगा खाल्ल्या. कामोठ्याला आईच्या मावसभावाच्या होडीत बसलो. तेव्हा कामोठे म्हणजे भातशेती, मिठागरं आणि गुडघाभर चिखल. आज तिथे कुणाला सांगितलं की तुमच्या पार्किंगच्या जागी आम्ही होडी बांधली होती, तर लोक हसतात. मामा वल्हं मारता मारता दमला तेव्हा अक्कीने त्याच्या हातून ते घेतलं आणि उभी राहून होडी अशी वळवली की मामा विडी पेटवायची विसरला. "बेबे," मला म्हणाला, "हिला सून करून घेतो, इचार तिला." अक्कीला ते समजलं होतं. "मामा, आधी पोरगा दाखवा," ती म्हणाली. मामाला मुलगाच नव्हता. परत येईपर्यंत आम्ही तिघं हसत होतो. त्या दिवशी मी आनंदात होते, हे कबूल करायला हवं.

पनवेलला आम्ही छत्री घ्यायला गेलो. पहिल्याच दुकानात तिने लाकडी मुठीची मोठी काळी छत्री उघडली आणि म्हणाली, "किती छान!" मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

"वस्तू आवडली की तोंड बंद," मी सांगितलं. "पायातली चप्पल बघायची. बोलायचं नाही. दुकानदाराला गप्प माणसाची भीती वाटते. जो आधी बोलेल तो गेला."

आम्ही पुन्हा आत गेलो. दुकानदाराने भाव सांगितला. मी गप्प. त्याने कापड परदेशी असल्याचं सांगितलं. मी छत्रीच्या काड्या मोजत बसले. अक्की माझ्या शेजारी, ओठ घट्ट मिटून चपलेकडे बघत. शेवटी त्या माणसाने कपाळावर हात मारला, "घ्या बाई, पण जा आता. तुम्ही दोघी बघता तशी माझी सासूपण बघत नाही." रस्त्यावर आल्यावर अक्कीला इतकं हसू फुटलं की ती कठड्याला टेकली. ही छत्री आणि हा धडा दोन्ही पुढे यायचे आहेत.

इंग्रजी जरा तोंडात बसलं तसं माझं डोकं फिरायला लागलं. सतरा नंबरचा फॉर्म भरला की कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसता येतं, हे अक्कीनेच मला नोटीस बोर्डावरून वाचून आणलं. मी ठरवलं, बसायचं. आईला सांगायचं नव्हतं. तिने माझ्यासाठी कामोठ्याचं एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि गणपतीनंतर ते लोक येणार होते. इंग्रजीचं जमत होतं, पण गणित अक्कीला शिकवता येईना. ती चिडायची, मी तिच्याहून चिडायचे, दोनदा पट्टी मोडली. शेवटी ती म्हणाली, माझा चुलत भाऊ ओटिएनो वाशीला इंजिनीयरिंग करतो, तो शिकवेल. मंगळवारी अक्कीचं कॉलेज अर्धाच दिवस असे आणि आई दुपारी बेलापूरच्या बाजारात बसायची. तीन मंगळवार तो आला, उंच, लाजरा मुलगा, दारातून आत येताना वाकायचा. खालच्या खोलीत तो पाटावर बसून मला समीकरणं सोडवून दाखवायचा. अक्की वर आपला अभ्यास करायची. मी त्याला निघताना डब्यात कालवण द्यायचे, म्हणजे उपकार नकोत. आणि अक्कीचा हात हातात घेऊन मी तिच्याकडून वचन घेतलं होतं की तो माझ्यासाठी येतो हे ती कुणालाही सांगणार नाही. लग्न न झालेली पोरगी, घरात एकटी, आणि परका बापय, म्हणजे पुरुष. गावातून हे एका दुपारीत कामोठ्याला पोचलं असतं.

शेजारी आमचे नाना काका राहायचे, बापूसचे थोरले भाऊ. गावकीत त्यांचा शब्द चालायचा. वरच्या खोल्या त्यांना त्यांच्या मुलाच्या संसारासाठी हव्या होत्या आणि आईने नाही म्हटलं होतं. तिसऱ्या मंगळवारी ओटिएनो डबा घेऊन बाहेर पडला तेव्हा नाना त्यांच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेले मला दिसले. ते काहीच बोलले नाहीत. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. गप्प माणसाची भीती वाटायला हवी, हे मीच शिकवत होते ना.

गौरी आल्या. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं. घरच्या मुलीने ती पाणवठ्यावरून आणायची. डोक्यावर पाटीत तेरडा, तोंडात पाण्याची गुळणी आणि दारात येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. दारात आई विचारणार, कोण आलं, मग गुळणी तुळशीत सोडायची आणि सांगायचं, गौर आली. लहानपणापासून हे काम माझं. गावच्या बायका दरवर्षी थट्टा करायच्या, "बेबीचं तोंड बंद बघायचं असल तं गौरीलाच या." त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. आईने अक्कीला सांगितलं, तू बेबीसंगं जा, गौरीवर छत्री धर. अक्कीने अंघोळ केली, आईचं हिरवं लुगडं कसंबसं गुंडाळलं आणि पनवेलची काळी छत्री घेऊन माझ्या बरोबर आली. तळ्यावर मी तेरडा पाटीत घेतला, गुळणी भरली आणि निघालो. पुढे एक बाई थाळी वाजवत, मागे सात-आठ बायका आणि माझ्या डोक्यावर छत्री.

गावदेवीच्या देवळापाशी नाना वाटेत येऊन उभे राहिले. बरोबर गावकीचे आणखी दोघं.

"थांबा," नाना म्हणाले. "ही कंला गौरीसंगती?"

थाळी थांबली. कुणीतरी मागून म्हणालं, "नाना, गौर वाटेत हाय, नंतर बोला."

"गौर हाय म्हनूनच बोलतो. मंगलवारचा दुपारी बापय येतो हिच्याकरं. मी बगलाय. तीन वेला बगलाय. असल्या बाईची सावली गौरीवर?" मग ते माझ्याकडे वळले. "बेबे, तू घरान असतंस. तू सांग. कोनासाठी येतो तो?"

शेजारची बाई म्हणाली, "तिचे तोंडान पानी हाय, नाना. ती कशी सांगंल?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. पाटीतून पाण्याचा एक थेंब माझ्या कानामागून मानेवर उतरला तो मला अजून आठवतो. "बरं," नाना म्हणाले. "नाय म्हनत नाय ती. समजलं."

मी डोळ्याच्या कडेने अक्कीला पाहिलं. तिला सगळं समजलं होतं, आमचीच भाषा होती ती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि नजर खाली चपलेकडे नेली. मग एवढंच म्हणाली, "पाऊस वाढतो. गौर भिजल." आणि छत्री माझ्या डोक्यावर सरळ केली. नाना बाजूला झाले. घरापर्यंतची ती पन्नास-साठ पावलं ती माझ्या बरोबरीने चालली, स्वतः पूर्ण भिजत, आणि ओट्यापाशी थांबली. वर चढली नाही.

तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले की माझ्या तोंडात पाणी होतं. नवऱ्याला सांगितलं, पोरांना सांगितलं, हॉटेलातल्या बायकांना सांगितलं, आणि सगळे म्हणाले, खरंय, तू तरी काय करणार होतीस. कामोठ्याचं ते स्थळ आलं, लग्न झालं, संसार झाला. नानांचा मुलगा वरच्या खोल्यांत येऊन बसला आणि त्याला काढायला मला अकरा वर्षं आणि दोन वकील लागले. सतरा नंबरचा फॉर्म पेटीत पिवळा पडला. मी म्हणायचे, त्या एका गुळणीने सगळ्यांचं वाटोळं केलं.

त्या संध्याकाळी आई दारात उभी होती. आमच्या मागोमाग येणाऱ्या बायकांच्या कुजबुजीने तिला अर्धं कळलं होतं. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "कोन आलं?"

मी तुळशीवर वाकले. तोंडातून काही आलं नाही. नाना देवळापाशी वाटेत आडवे आले तेव्हाच दचकून मी पाणी गिळलं होतं. त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा माझं तोंड कोरडं होतं. वृंदावनाच्या कोनाड्यातल्या पणतीसमोर, आईच्या डोळ्यांसमोर मी थुंकल्याचं सोंग केलं आणि म्हटलं, "गौर आली." आई तुळशीच्या मातीकडे पाहत राहिली. वर पत्र्याची पाखी असल्यामुळे तिथे पाऊस लागत नसे. माती कोरडी होती.

गौर बसवल्यावर आईने आम्हा दोघींना स्वयंपाकघरात उभं केलं. "तो कोन?" तिने अक्कीला विचारलं. अक्की म्हणाली, "माजा भाऊ. मना भेटाया येतो." आई माझ्याकडे वळली. "बेबे, तुला काय बोलायचं हाय?" बाहेर बायका होत्या. मी म्हटलं, "मी काय बोलणार, माझ्या तोंडात पाणी होतं." आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता झिंज्या धरते. मी तयार होते. बोलली असती तर मीही बोलले असते, पाटी, शाळा, डोकं, सगळं काढलं असतं. ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. माझी खरी तक्रार तीच आहे. तिने मला भांडू दिलं नाही.

रात्री आई ओट्यावर उभी राहून नानांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजं घर हाय. माजी पोरगी हितंच ऱ्हाल." पण सकाळी यंत्राचा पहिला ठोका पडायच्या आधी अक्कीने खोली आवरली होती. गच्चीतली पावलं वाजली नाहीत म्हणून आई वर गेली तेव्हा ती पेटीवर बसली होती. वाशीला एका मैत्रिणीकडे जाते म्हणाली. तिथे एका खोलीत पाच मुली होत्या. आईने तिला पोटाशी धरलं. माझ्यासमोर ती थांबली. मी गप्प होते, तीही गप्प होती, आणि दोघींनाही माहीत होतं की जी आधी बोलेल ती गेली. छत्री तिने माझ्या खुंटीला अडकवून ठेवली होती, वाळवून, पट्टी नीट बांधून. परीक्षेत ती पास झाली की नाही मला माहीत नाही. आई पोस्टमनला विचारायची. मी विचारलं नाही.

आमच्याकडे गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य असतो. मामाने अक्कीसाठी म्हणून मुद्दाम कामोठ्याहून जिताडा आणला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. पाटी खाली ठेवताना त्याने विचारलं, "माजी सून कुठंय?" आईने मासा कापला, कालवण केलं, गौरीला दाखवलं आणि पानं मांडली, मामाचं आणि माझं. मग पळी पातेल्याच्या तळाशी नेली. डोकं वर आलं, थांबलं नाही, सरळ माझ्या भातावर उतरलं.

"खा," आई म्हणाली आणि समोर पाटावर बसली.

बाहेर यंत्र चालू होतं. ताटं थरथरत होती. मामा खाली मान घालून जेवत होता. चार वर्षं मी त्या डोक्यासाठी जळत होते आणि ते माझ्या पुढ्यात आलं तेव्हा मला कळेना की ते खायचं कसं. मला कधी कुणी वाढलंच नव्हतं. आई बघत होती. शेवटी मी ते दोन्ही हातांनी धरलं, आणि अक्की सुरू करायची तिथून सुरू केलं, डोळ्याखालच्या गालापासून.